बाकाला पाठ आहे का?

नागपूरच्या मनीषनगरात जेसीबी आला की पाच मिनिटांत त्याच्याभोवती तज्ज्ञांची समिती जमते. दुधाची पिशवी हातात धरलेले एक काका, स्कूटीवरून न उतरता एक पाय टेकवून थांबलेला एक तरुण, ज्यांच्या गेटसमोर खणणं चाललंय त्या मावशी, आणि या रस्त्याशी काडीचा संबंध नसलेले, बेसाकडे निघालेले एक गृहस्थ.

"खोल जास्त घेऊन राहिला तो," काका म्हणतात.

"पाइप त्या अंगाला आहे नं, इकडे काऊन खणते?" स्कूटीवाला.

मावशींचं म्हणणं, मागच्या खेपेलाही असंच खणलं आणि बुजवायला कोणी आलं नाही. बेसावाले गृहस्थ बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. पण तेवढ्यात त्यांनी आराखडा, अंदाजपत्रक आणि कंत्राटदाराचं शिक्षण या तिन्हींबद्दलचं मत नोंदवलेलं असतं. ड्रायव्हर कुणाचंच ऐकत नाही. थोड्या वेळाने पाइप फुटतो, काका "मी म्हटलं होतं" म्हणतात आणि समाधानाने घरी जातात. दूध तोवर फाटायला आलेलं असतं.

बड्या सॉफ्टवेअर कंपन्या असल्या तपासणीसाठी पगार देऊन माणसं ठेवतात. आमच्याकडे ती भर उन्हात फुकट उभी असतात, आणि त्यांचं कोणी ऐकत नाही. ही विद्या रीतसर, हात जोडून मागणारं एक खातं जगात आहे, ते म्हणजे ओपन सोर्स. पण मनीषनगरात दर बिल्डिंगमागे निदान एक मुलगा किंवा मुलगी 'आयटीत' असते. मिहानमध्ये, नाहीतर हिंजवडीत, नाहीतर हैदराबादला. कॉम्प्युटरचं जे काही असेल ते त्या पोरांचं, अशी वाटणी केव्हाच झालेली आहे. बाकीच्यांनी "आपल्याले कोडिंग नाही येत बाप्पा" म्हणायचं आणि जेसीबीकडे वळायचं.

ओपन सोर्स म्हणजे ज्या सॉफ्टवेअरची आतली लिखापढी कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदलून पुढे वाटता येते असं सॉफ्टवेअर. हे ऐकून काकांना काही होत नाही. पण "तो नारिंगी शंकूवाला व्हिडिओ प्लेअर नाही का, ज्यात पोरीच्या लग्नाची सीडी पाहता" म्हटलं की डोळे लकाकतात. व्हीएलसी! त्या शंकूचीही गोष्ट आहे. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरं रस्त्यावरचे शंकू उचलून होस्टेलात आणायची आणि त्यांचा ढीग रचायची. त्याच पोरांच्या प्रोजेक्टातून हे सॉफ्टवेअर निघालं, म्हणून चिन्ह शंकूचं. मेट्रोच्या कामात आमच्या वर्धा रोडवर कित्येक वर्षं इतके शंकू पडून होते, तरी इथल्या एकाही होस्टेलातून जगप्रसिद्ध सॉफ्टवेअर निघालं नाही, याची खंत वाटते.

बरं, कोडिंग न येणाऱ्यांचं या प्रकरणात काय काम, असं विचाराल तर थेट बारशापासून सुरुवात करावी लागेल. 'ओपन सोर्स' हे नावच मुळी सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी प्रसिद्ध नसलेल्या बाईंनी ठेवलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात प्रोग्रामर मंडळी नाव शोधत बसली होती. तिथे क्रिस्टीन पीटरसन होत्या, नॅनोटेक्नॉलॉजीच्या भवितव्यावर काम करणाऱ्या एका संस्थेतल्या. त्यांनी हे नाव आधीच ठरवून आणलेलं होतं. पण या क्षेत्रात आपलं वजन ते किती, म्हणून भर बैठकीत पुढे रेटायला त्यांना संकोच वाटला. त्यांच्या एका सहकाऱ्याने नाव सुचवतोय असं न दाखवता बोलण्याच्या ओघात ते वापरलं. थोड्या वेळाने बाकीचेही तेच म्हणू लागले. पाळण्यापाशी उभं राहून बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. तशा ओपन सोर्सच्या या आत्याबाई.

आता तक्रारीचं बघू, कारण मनीषनगरचा खरा हातखंडा तिथे आहे. सॉफ्टवेअर बिघडलं की ते लिहिणाऱ्याला कळवणं हे ओपन सोर्समधलं मानाचं काम आहे. फक्त कळवण्याची एक रीत असते. 'पुट्टी' नावाचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये यावर एक लेखच लिहून ठेवलाय. त्याचा मथितार्थ एवढाच: तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि झालं काय, हे जसंच्या तसं सांगा, 'चालत नाही' एवढंच सांगू नका. ही तीन वाक्यं काकांच्या तोंडून काढणं किती कठीण आहे, ते आयटीतल्या भाच्यांना विचारा.

"काय झालं काका मोबाईलला?"

"चालून नाही राहिला."

"काय चालत नाही?"

"सगळंच."

"म्हणजे सुरू होत नाही?"

"सुरू तं होते."

"मग?"

"पहिल्यासारखं नाही राहिलं आता."

हे शेवटचं वाक्य काका मोबाईलबद्दल बोलतात, सीताबर्डीच्या बाजाराबद्दल बोलतात, संत्र्यांबद्दल बोलतात आणि तिसरीतल्या नातवाबद्दलही बोलतात. यातून बिघाड शोधून काढणारा प्रोग्रामर अजून जन्माला यायचा आहे.

पण काकांच्या कुरकुरीला हसू नका. २०२४ च्या मार्चमध्ये जगातल्या लाखो सर्व्हरांवर येऊ घातलेलं एक मोठं संकट निव्वळ अशाच एका कुरकुरीमुळे टळलं. फाइली दाबून लहान करणारी 'एक्सझेड' नावाची एक चिमुकली वस्तू, बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्या लिनक्समध्ये असते. फिनलंडचा एक माणूस ती वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने आणि फुकट सांभाळत होता. 'जिया टॅन' हे नाव लावणारी एक व्यक्ती मदतीला आली, दोनेक वर्षं गोड वागली, आणि एकदाच्या चाव्या हातात आल्यावर तिने आत एक चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला जाणवलं की आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसरा कोणी असता तर चहाचा घोट घेऊन पुढे गेला असता. हा खोदत बसला आणि भांडं फुटलं. पुढचं खोदकाम कोडिंग येणाऱ्याचंच होतं हे कबूल, पण सुरुवात 'पहिल्यासारखं नाही राहिलं' इथूनच झाली ना?

असा कान आमच्याकडेही तयार झालेला आहे. मनीषनगरचं रेल्वे फाटक ज्यांनी सोसलंय त्यांना विचारा. गाडी बंद करून उभी असलेली मंडळी नुसत्या हॉर्नवरून सांगायची की मालगाडी आहे का पॅसेंजर, वर्ध्याकडून येतेय का अजनीकडून, आणि ही गेल्यावर फाटक उघडेल का दुसऱ्या बाजूची गाडी घेऊनच उघडेल. आता उड्डाणपूल झाला, अंडरपास झाला आणि ती विद्या वाया गेली.

या एक्सझेड प्रकरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो फिनलंडचा माणूस थकला होता. ते पाहून काही अनोळखी खात्यांनी त्याच्यामागे टुमणं लावलं: काम लवकर होत नाही, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. त्यातल्या एकाने नाव घेतलं होतं जिगर कुमार. अशी दोन-तीन माणसं सारखी कटकट करत राहिली आणि शेवटी त्याने चावी दिली. ही खाती खोटीच होती असं आता सगळे मानतात. म्हणजे तक्रारीने जग वाचलं आणि तक्रारीनेच ते बुडायला आलं होतं. कोणत्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला यात नवीन काही वाटणार नाही.

कोड न लिहिता करता येण्यासारखं भाषांतराचंही काम आहे, ते बहुतेकांना माहीत असतं. फायरफॉक्स, लिबरऑफिस, लिनक्सचे डेस्कटॉप यांचे मराठी अवतार अशाच हौशी आणि चिवट माणसांनी उभे केलेत. अक्षरांचंही तेच. 'मुक्ता', 'बलू' हे 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांनी त्यात लग्नपत्रिका वाचलेल्या असतील, बहुधा आहेर न आणण्याची सूचना नजरेआड करत. या कामांवर मी फार बोलत नाही. त्यात शुद्धलेखनाचा विषय निघतो, आणि मराठी माणसांत तो निघाला की संध्याकाळ गेली.

आवाजाचं काम मात्र सांगतो. मोझिला ही फायरफॉक्सवाली संस्था. २०१७ मध्ये तिने 'कॉमन व्हॉइस' सुरू केलं. मशीनला माणसांचं बोलणं कळावं म्हणून लोकांनी वाक्यं वाचून आवाज दान करायचा आणि दुसऱ्यांनी ते ऐकून बरोबर की चूक एवढं सांगायचं. मराठीही त्यात आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकूंना भाच्याने हे लावून दिलं. एका वेळेला पाच वाक्यं येतात. काकूंनी पहिलं वाक्य वाचलं, थांबल्या आणि म्हणाल्या, "हे वाक्य बरोबर नाही." त्यांना समजावलं की वाक्य तपासायचं नाही, फक्त वाचायचं. त्यांनी वाचलं, पण नाराजीनं; ती नाराजी आता कायमची त्या साठ्यात जमा झाली असणार.

खऱ्या खुलल्या त्या दुसऱ्या कामात. अनोळखी माणसं मराठी वाचतायत, आपण फक्त होय किंवा नाही म्हणायचं! एका निवृत्त शिक्षिकेला याहून मोठा स्वर्ग कोणता? पहिल्या दिवशी त्यांनी इतक्यांना 'नाही' केलं की भाच्याला येऊन सांगावं लागलं, "काकू, उच्चार गावाकडचा असला तर चालते. वाक्यातले शब्द तेच आहेत का एवढंच पाहायचं." काकूंना ते पटलं नाही. मग त्यांच्या कानावर एक आवाज आला, थेट आपल्याकडचा. हेल असा की डोळ्यांसमोर उमरेड रोड उभा राहावा. काकूंनी तो दोनदा ऐकला. "हा पोरगा बरोबर वाचते," म्हणाल्या आणि होय दाबलं. त्या दिवसानंतर पुण्याच्या उच्चारांकडेही त्या थोड्या दयाबुद्धीने पाहू लागल्या.

हे सगळं खरं, पण मनीषनगरच्या माणसासाठी परमेश्वराने निर्माण केलेलं काम म्हणजे नकाशा.

तसं आमच्या वर्धा रोडचं आणि नकाशाचं नातं जुनं. विल्यम लॅम्बटन या साहेबाने १८०२ मध्ये मद्रासपासून हा देश मोजायला घेतला. सोबत अर्ध्या टनाचा थिओडोलाइट. मोजत मोजत वीस वर्षांत तो वर सरकला आणि नागपूरला निघालेला असताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. पुढे याच मोजणीची १९०७ ची खूण आपल्या झिरो माइलपाशी बसवली. ती आज सेल्फी काढायच्या कामी येते. लॅम्बटनला अर्धा टन वाहून न्यावा लागला, आपल्याला खिशातला मोबाईल पुरतो. आणि २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांचे नियम सैल केल्यापासून परवानगीचा धाकही बराच कमी झालाय.

'ओपनस्ट्रीटमॅप' हा लोकांनी मिळून केलेला जगाचा नकाशा. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट याने इंग्लंडात सुरू केला, कारण तिथल्या सरकारी नकाशांचे पैसे पडायचे. त्यात भर घालायला 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचं एक ॲप आहे, एका जर्मन प्रोग्रामरने केलेलं. ते कोड मागत नाही, शिक्षण विचारत नाही. तुम्ही रस्त्याने चालायचं आणि ते प्रश्न विचारतं. हा रस्ता डांबरी का सिमेंटचा? रात्री दिवे असतात का? या इमारतीला मजले किती? छपराचा आकार कसा? हे दुकान अजून इथेच आहे का? या बाकाला पाठ आहे का?

शेवटचा प्रश्न वाचून मी बाकापाशी बराच वेळ उभा होतो. जगात इतकं काही चाललेलं असताना, कुठल्या तरी दूरदेशी कोणाला तरी मनीषनगरातल्या या सिमेंटच्या बाकाला पाठ आहे का हे जाणून घ्यायचंय! निवडणुकीच्या काळातसुद्धा आम्हाला इतक्या आस्थेने कोणी काही विचारलेलं नाही. बाकावर बसलेल्या आजोबांना जरा सरकायला सांगून मी पाहिलं. पाठ होती, पण तिच्यावर बाक कोणाच्या स्मरणार्थ दिलाय ते कोरलेलं होतं, म्हणून टेकायला कोणी धजत नव्हतं. 'होय' दाबलं.

रस्त्यात मोबाईल धरून इमारतींचे मजले मोजणारा माणूस संशयास्पद दिसतोच. पहिल्या गल्लीत प्रश्न आला, "सर्व्हे आहे का? टॅक्स वाढणार का?" दुसऱ्या गल्लीत एका बाईंनी आपल्या घराकडे पाहूच दिलं नाही, "मजले एकच लिहा, वरचं टिनाचं आहे." तिसरीकडे एक गृहस्थ स्वतःहून बाहेर आले आणि म्हणाले, "आमचा प्लॉट कॉर्नरचा दाखवता येईल का?" त्यांच्या आणि कॉर्नरच्या मधे दोन प्लॉट होते. मी म्हटलं, जमिनीवर जे आहे तेच नकाशावर घ्यायचं असा नियम आहे. ते म्हणाले, "नियम तं सगळीकडेच असतात."

पत्त्यांची तर वेगळीच मजा. ॲप विचारतं, रस्त्याचं नाव काय? आमच्याकडे रस्त्याला नाव नसतं, ले-आऊटला असतं. ले-आऊट गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या नावाचा, त्यात प्लॉट नंबर. आणि सत्तेचाळीस नंबरशेजारी अठ्ठेचाळीस असेलच असं नाही. तो पलीकडच्या गल्लीत, का, ते ज्याने नकाशा काढला त्यालाच ठाऊक. पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांना म्हणून फोनवर सांगावं लागतं: "फाटकाकडून ये." कोणतं फाटक, असं ते नवीन पोरगं विचारतं. त्याला काय सांगणार!

दुकानांच्या वेळा हा आणखी एक प्रश्न. नकाशात वेळ लिहायची एक काटेकोर पद्धत आहे. वार, तास, सुट्टी, सूर्योदय ते सूर्यास्त, सगळं त्यात बसतं. मी तर्री-पोहेवाल्याला विचारलं.

"किती वाजता उघडता भाऊ?"

"सकाळी."

"किती वाजता?"

"पोहे झाले की."

"आणि बंद?"

"पोहे संपले की."

जर्मनांच्या व्यवस्थेत यासाठी जागा नसेल असं वाटलं होतं. आहे! वेळेच्या रकान्यात अवतरणचिन्हं टाकून हवा तो शेरा लिहिता येतो. जगात पोहे संपेपर्यंत दुकान चालवणारे आणखीही लोक आहेत, हे पाहून बरं वाटलं. पुढचा प्रश्न एका सावजी भोजनालयापाशी: 'इथे शाकाहारी पदार्थ मिळतात का?' आत डाळकांदा आणि पाटोडी रस्सा दोन्ही होते, म्हणून 'होय'. रस्सा खाल्ल्यावर डोळ्यांतून पाणी येतं का, हे मात्र ॲपने विचारलं नाही. आम्ही राहतो तिथला सिमेंट रस्ता घराच्या अंगणापेक्षा किती उंच आहे, हेही विचारत नाही. पावसाचं पाणी रस्त्यावरून घरात येतं ही कल्पनाच त्या प्रोग्रामरला सुचली नसावी. सज्जन माणूस असणार.

खरी धमाल आली ती रस्त्याच्या प्रतीवर. गुळगुळीतपणासाठी या नकाशात आठ पायऱ्या आहेत. पहिली 'उत्कृष्ट', म्हणजे चाकांचे बूट घालून घसरत जावं असा. मग चांगला, मध्यम, वाईट, फार वाईट, भयंकर, अतिभयंकर, आणि आठवी पायरी म्हणजे ज्यावरून कोणतंच चाक जाणार नाही असा. 'अतिभयंकर'ला ट्रॅक्टर लागतो. मी हे वाचून दाखवलं आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सभा भरली. ज्यांना फ्लॅट विकायचा होता ते म्हणाले, 'चांगला' टाका, बघायला येणारे नकाशा पाहतात. ज्यांच्या गाडीचे शॉकअप नुकतेच बदलले होते ते 'भयंकर'च्या खाली यायला तयार नव्हते. सेक्रेटरींनी सुचवलं की मधला मार्ग म्हणून 'मध्यम' लिहू आणि विषय संपवू. काकूंनी विचारलं, पाऊस धरून का पाऊस सोडून?

तेवढ्यात काकांनी नेमका प्रश्न टाकला. "म्हणजे आपण फुकट फिरायचं, फुकट मोजायचं, अन् वापरणार कोण?"

वापरणारे बडे आहेत, हे खरंच आहे. ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी २०२२ च्या डिसेंबरात नकाशांसाठी एक संयुक्त संस्था काढली, तिच्यात हाच लोकांचा नकाशा वापरला जातो. फुकट श्रमावर श्रीमंत चालतात ही ओपन सोर्सची जुनी दुखरी नस आहे आणि मला ती नाकारता येत नाही. पण तोच नकाशा २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये मदतपथकांनीही वापरला. कुठली वस्ती कुठे, कोणती वाट कुठे जाते, हे जगभरच्या हजारो लोकांनी घरी बसून रेखाटून दिलं होतं. काका म्हणाले, "हे पहिले सांगायचं नं."

फुकटात काही मिळतं म्हटलं की काय होतं याचेही नमुने आहेत. एक अमेरिकन कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' भरवते; त्या काळात ओपन सोर्स प्रोजेक्टांना ठरावीक दुरुस्त्या पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये लोकांनी टी-शर्टापायी जगभरच्या प्रोजेक्टांवर अशा दुरुस्त्यांचा पाऊस पाडला की ज्यात दुरुस्ती म्हणून शीर्षकामागे 'अमेझिंग प्रोजेक्ट' एवढेच शब्द जोडलेले असायचे. अखेर कंपनीला भर उत्सवात नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला तर 'एक्सप्रेस' नावाच्या फार वापरातल्या प्रोजेक्टच्या माहितीच्या पानावर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची रीघ लागली. शिकवणीच्या एका व्हिडिओत नमुना म्हणून दाखवलं ते पाहून जो तो तिथे आपलं नाव लिहायची परवानगी मागू लागला. ते पान सांभाळणाऱ्यांनी ती एकेक मागणी हाताने बंद केली. कोड न लिहिता योगदान म्हणजे हे नव्हे, हे सांगायची वेळ आली.

नकाशातही उपद्रव झाला आहे. 'पोकेमॉन गो' या मोबाईलवरच्या खेळाच्या कंपनीने २०१७ च्या डिसेंबरात या नकाशाचा आधार घेतला. बागेत जास्त पोकेमॉन निघतात असा बोभाटा झाला आणि पोरांनी आपापल्या घरामागे नकाशात खोट्या बागा काढायला घेतल्या. नकाशावर हिरवीगार बाग आणि जागेवर जाऊन पाहावं तर काही नाही! परदेशी लोकांना याचा मोठा धक्का बसला म्हणे. नागपुरात ले-आऊटमध्ये प्लॉट घेतलेल्या माणसाला बसणार नाही.

सभेचं पुढे असं झालं की रस्ता 'वाईट' ठरला, तीन विरुद्ध दोन मतांनी. पण काकांचं समाधान झालं नव्हतं. त्यांचा मुख्य मुद्दा खड्ड्याचा होता. बिल्डिंगच्या वळणावर एक आहे. भाच्याने त्यांना नकाशावर टीप टाकायला शिकवलं आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा तिन्ही वाक्यं नीट लिहिली: मी स्कूटरने डावीकडे वळलो, रस्ता असायला हवा होता, खड्डा होता.

दोन दिवसांनी कोणा अनोळखी नकाशाकाराचं उत्तर आलं, अतिशय नम्र. तात्पुरत्या गोष्टी या नकाशावर घेत नाहीत, क्षमस्व.

"तात्पुरता?" काका कडाडले. "हा तात्पुरता?"

त्यांनी पुरावे जोडले. एका फोटोत नातू खड्ड्याशेजारी बाबागाडीत, दुसऱ्यात तिचाकी सायकलवर, तिसऱ्यात शाळेच्या गणवेशात. खड्डा तिन्हींत तोच, फक्त थोडा भरला होता अंगाने. पलीकडचा माणूस विचारात पडला असावा. त्याने विचारलं, पाणी असतं का त्यात?

काकांनी लिहिलं, जून ते ऑक्टोबर.

त्यावर उत्तर आलं की मग मार्ग आहे. वर्षातले काही महिनेच पाणी राहतं अशा जागांसाठी नकाशात हंगामी पाणवठ्याची सोय आहे, तुमची हरकत नसेल तर तशी नोंद करता येईल. स्थानिक नाव काही असल्यास कळवावं.

तेव्हापासून पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी नावावरून वाद चालू आहे. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर यांच्या पंगतीला बसेल असं काहीतरी हवं, यावर एकमत आहे. सेक्रेटरींना बिल्डिंगचं नाव हवंय. फ्लॅट विकणाऱ्यांचा या सगळ्यालाच विरोध होता; पण 'लेक व्ह्यू' म्हणून जाहिरात देता येईल असं कोणीतरी त्यांच्या कानात सांगितल्यापासून ते गप्प आहेत.